भिमाजीच्या नावानं आलेली पत्रिका

॥ खंडेराव प्रसन्न ॥

मखमलाबाद नाका, नाशिक
मंगळवार, ८ एप्रिल २०२५, दुपार

चि. भिमाजीस,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. घ्यायचा नसला तर वजनकाट्याशेजारी ठेवून दे, पण पत्र पुरतं वाच. आणि वाचायच्या आधी एक काम कर. तुझ्या आडतीच्या दुकानातल्या कंप्युटरला मागून इंटरनेटची वायर जाते, ती उपटून काढ. मनोज काय म्हणेल ते नंतर बघू, पोरगा तुझाच आहे. काढलीस? आता बस.

आम्ही सगळी खुशाल. माझा ललित इगतपुरीला रेल्वेत आहे, शनिवारी घरी येतो आणि रविवारभर झोपतो. नात आरोही पुण्याला कंप्युटरचंच शिकते. माझे गुडघे माझ्याआधी म्हातारे झालेत, बाकी मी ठीक. तुझी खबर वाल्मीक देतो. तुमच्याकडे रिकामे क्रेट घेऊन येतो ना, तो पिकअपवाला. त्याला मी काही विचारत नाही. चहा देते, मग तो आपणहून सांगतो.

पत्र सून लिहितेय, उज्वला. ती घरी बसून वकिलांचे कागद टाइप करून देते. हातानं लिहायची सवय मोडलीय, आत्तापर्यंत दोनदा बोटं मोडून झाली. मी म्हटलं, मला तर लिहिताच येत नाही, माझी बोटं बघ कशी धडधाकट.

आता कारण सांगते.

परवा रामनवमीला तुझ्या दुकानाच्या मेलवरून उज्वलाच्या मेलवर एक लग्नपत्रिका आली. वर तुझ्या दुकानाचं नाव, खाली पत्रिका. निदान तशी दिसत तरी होती: लाल रंग, कोपऱ्यात गणपती. ती आमच्या घरात उघडली गेली. त्या यंत्रानं एक प्रश्न विचारला, 'याला परवानगी द्यायची का? होय की नाही?' तर 'होय' दाबलं गेलं. पडदा जरा थरथरला आणि झालं. पत्रिका काही उघडली नाही. मग आणखी दोनदा उघडून पाहिली. ती तेव्हाही नाही उघडली.

पत्रिका नव्हतीच ती भिमा. पत्रिकेचा मुखवटा लावलेला चोर होता. आत शिरून तो गुपचूप बसतो, आपण जे जे टाइप करतो ते वाचतो, आणि बँकेचं पान उघडलं की जागा होतो. हे पत्र मी मेलनं का पाठवत नाही ते आता तुला कळलं असेल. तुझ्या दुकानात काही पाठवलं तर तुझ्याआधी तो वाचणार. फोन म्हणशील, तर आमचा नंबर तू बंदच करून ठेवलायस. काल शेजारच्यांच्या फोनवरून लावला. उज्वला "नवसाबाईंच्या घरून बोलतेय" म्हणाली आणि तू ठेवलास. उज्वलाला वाईट वाटलं. मी म्हटलं, चोराला घरात घेतलं त्यानं, आणि तुला दारात उभं केलं नाही. असो.

तर चोर कसा सापडला ते ऐक, म्हणजे तुझ्याकडचाही सापडेल.

मला अक्षर येत नाही, तुला ठाऊकच आहे. पण मला आकार येतात. गोळ्यांची पट्टी मी रंगावरून ओळखते, गॅसची पावती लांबीवरून. उज्वला सकाळी बँकेचं पान उघडते तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत असते. त्या पानावर रोज दोन चौकोन असतात, एकाखाली एक, आणि त्याखाली निळी पट्टी. काल सोमवारी उज्वलानं पान उघडलं, पहिले दोन चौकोन भरले आणि तिसऱ्याकडे वळली. मी म्हटलं, "थांब गं. आज चार कसे?"

"आई, बँकवाले बदलतात काही ना काही. सुरक्षा वाढवली असेल."

"काय विचारतंय ते वाच बघू मोठ्यानं."

तिनं वाचलं. कार्डाचा नंबर, कार्डाच्या मागचे तीन आकडे, आणि एटीएमचा पिन.

"म्हणजे पाहुणा दारात आला आणि पाणी मागायच्या आधी विचारतोय, तिजोरीची किल्ली कुठे असते? ही कसली सुरक्षा?"

हसली ती, पण हात थांबला. मग तिनं तेच बँकेचं पान मोबाइलवर उघडलं. तिथे दोनच चौकोन! बँक एकच आणि पानं दोन. म्हणजे बँक बदलली नव्हती, आमचा कंप्युटर खोटं बोलत होता. वाचता येणारा माणूस वाचत जातो आणि भरत जातो. मला वाचताच येत नाही, म्हणून मी मोजत बसले होते. उज्वला म्हणते, हे लिहिताना मी फुशारकी मारतेय. मारतेच आहे, तू लिही.

पण हे खोटं आलं कुठून ते तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं. ते कळलं छापखान्यात. पत्रिका उघडत नव्हती आणि मला ती कागदावर हवी होती. घरातल्या लग्नाची पत्रिका आधी कुलदैवतापुढे ठेवायची असते ना. देवाला काय मोबाइल दाखवू? उज्वलानं ती पेनड्राइव्हवर घेतली आणि नाक्यावरच्या छपाईवाल्याकडे गेली. त्यानं पेनड्राइव्ह लावला आणि त्याचं यंत्र असं कोकललं की त्यानं विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला. त्याच्याकडे चांगला राखणदार, अँटिव्हायरस म्हणतात तो, बसवलेला होता. तो म्हणाला, "ताई, हे चित्र नाही, प्रोग्राम आहे. कोणी पाठवलं?"

उज्वला घरी आली. मला पाणी दिलं, मग सांगितलं.

दुपारी तिच्या मोबाइलवर बँकेचा निरोप आला: तुमच्या खात्यातून पैसे पाठवायला एक नवीन नाव जोडलं जातंय, त्यासाठी हा आकडा. आकडा तिनं कोणालाच दिला नाही. बँकेला फोन केला, त्यांनी खातं गोठवलं. १९३० या सरकारी नंबरवर तक्रार दिली. आमचं काही गेलं नाही. तेवढ्यात देवळालीहून आपल्या चुलतबहिणीचा मुलगा चंदर याचा फोन. त्यालाही तीच पत्रिका, तुझ्याच नावानं. त्याचे बावीस हजार गेले. तो काय काय बोलला ते मी लिहीत नाही. म्हणजे तुझ्या दुकानातून ती सगळ्या नातलगांना गेलीय. तू पाठवली नसणार. तुझ्या यंत्रात बसलेल्यानं तुझ्या वहीतले सगळे पत्ते काढून पाठवली.

आणि भिमा, उन्हाळ कांद्याचे दिवस आहेत. शेतकऱ्यांचे पैसे तू त्याच यंत्रावरून देतोस, हे वाल्मीकनंच सांगितलंय. चंदरचे बावीस हजार गेले ते चंदरचेच. तुझ्याकडून जातील ते लोकांचे घामाचे जातील, आणि सगळा तालुका तुझ्या तोंडाकडे बघेल. त्यासाठीच हे पत्र आहे.

आता काढायचं कसं. आरोहीनं फोनवरून सांगितलं तसं सांगते. वायर काढलीसच. पहिलं, बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून कळव, खातं थांबवायला सांग. दुसरं, बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड बदल, पण त्या यंत्रावर नको. तिथे बदललास तर चोराच्या डोळ्यांदेखत कुलूप बदलल्यासारखं होईल. तिसरं यंत्राची साफसफाई. आम्ही काल आधी राखणदार प्रोग्राम चालवला. त्यानं चोर शोधला, पुसला. आम्ही खूश. यंत्र बंद करून चालू केलं, तर महाराज परत हजर! आवाज कमीजास्त करायचा एक प्रोग्राम असतो म्हणे, त्याचं नाव घेऊन बसला होता, आणि यंत्र चालू झालं की स्वतःला पुन्हा जिवंत करत होता.

तेव्हा मला तुझी कांदाचाळ आठवली. वरून एक सडका कांदा काढला म्हणून चाळ वाचत नाही. पाणी खालपर्यंत गेलेलं असतं. सगळी चाळ उपसायची, चांगला माल निवडून बाजूला घ्यायचा, तळ झाडायचा, मग पुन्हा भरायची. आरोही म्हणाली, "आजी, अगदी हेच करायचंय." उज्वलानं वकिलांचे कागद तेवढे निवडून बाजूला काढले, तेही तपासून. बाकी सगळं पुसलं. आत्ता मी सांगतेय आणि समोर निळ्या पडद्यावर नवीन विंडोज चढतंय. टक्के मोजतंय. एकोणचाळीसवर येऊन बसलंय, मी ज्या चालीनं जिना चढते त्या चालीनं.

वाल्मीक चार वाजता निघेल, त्याच्या हातात देते. संध्याकाळपर्यंत तुला पोचेल. उज्वलाचा नंबर खाली लिहिलाय. मनोजला काही अडलं तर त्यानं फोन करावा. माझ्याशी बोलावं लागणार नाही, मी फोन उचलत नाही.

पत्रिका आम्ही तीनदा का उघडली, ते विचारू नकोस.

कळावे. वायर खरंच काढ.

नवसाबाई
(हात उज्वलाचा)


॥ खंडेराव प्रसन्न ॥

नाशिक
सोमवार, २१ एप्रिल २०२५

चि. भिमाजीस,

आशीर्वाद. या खेपेला कुठेही ठेव.

वाल्मीकनं सगळं सांगितलं. तू काट्यापाशी उभ्यानंच पत्र घेतलंस, पहिल्या चार ओळी वाचल्यास आणि आत गेलास. मनोज यंत्रावर बसला होता, उद्याच्या पैशांची यादी भरत होता. तू त्याला उठवलंही नाहीस. त्याच्या डोक्यावरून हात घालून वायर खेचलीस ती भिंतीतल्या डबीसकट. मनोज ओरडला, "आण्णा, काय शे?" आणि तू त्याच्या मांडीवर पत्र टाकलंस. वाल्मीक म्हणाला, आजी, डबी नवीन बसवावी लागली. बसवा म्हणावं.

मनोजनं उज्वलाला फोन केला तो एका शेतकऱ्याच्या फोनवरून. पोरगं शहाणं आहे. ती सांगत गेली आणि तो लिहून घेत गेला. तुमच्या खात्यात तीन नवी नावं जोडलेली निघाली, ती सकाळी बँक उघडायच्या आत थांबवली. शेतकऱ्यांचे पैसे एक दिवस उशिरा पण पुरते मिळाले, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. तुमच्याकडे तो आला कसा तेही मनोजनं सांगितलं. कोण्या व्यापाऱ्याच्या नावानं 'बिल पाहा' म्हणून आला, आणि मनोजनं ते उघडलं. म्हणजे त्या व्यापाऱ्याकडेही कोणाच्या तरी नावानं आला असणार. हा चोर ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकूनच आत येतो. अनोळख्याला दार कोण उघडतं?

तू पत्र पाठवलं नाहीस. वाल्मीकजवळ निरोप दिलास: "आक्काले सांग, कागद वाची लिधा." पत्र वाचून घेतल्याची पोच, अकरा वर्षांनी तुझे पाच शब्द आले. वाल्मीककडून मी ते तीनदा म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आजी, मला क्रेट भरायचेत.

आणि मनोज फोनवर हसत होता, "वहिनी, लग्न कोणाचं? मोहिनीचं? ती आत्ता बारावीला बसली होती!"

उज्वलानं मला सांगितलं तेव्हा मीही हसले. मग आत जाऊन बसले.

मी मोहिनीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती, आईच्या तेराव्याला लाडू खिशात भरत होती. सहा आणि अकरा किती होतात ते मलाही येतं. पण तुझ्या घरची पत्रिका आली म्हटल्यावर तुझ्या नातीचीच असणार असं मी धरून चालले, मोजलंच नाही. बँकेचे चौकोन मोजणारी मी, नातीचं वय नाही मोजलं.

तर आता, पत्रिका आम्ही तीनदा का उघडली.

मागच्या पत्रात मी लिहवून घेतलं, 'उघडली गेली', 'दाबलं गेलं'. उज्वला तेव्हा माझ्याकडे बघत होती. वकिलांचे कागद टाइप करणारी बाई आहे, 'गेलं' म्हणजे काय ते तिला कळतं. पण लिहिलं तिनं तसंच. ऐक. उज्वला त्या दिवशी म्हणाली होती, "आई, अकरा वर्षांत मामांची एक ओळ नाही, आणि एकदम पत्रिका? आधी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून मामांना विचारूया का?"

मी म्हटलं, "विचारलं तर म्हणेल, चुकून आली तुमच्याकडे. मग जायचं कसं?"

कळलं का भिमा? मला शंका आली होती. आपल्याकडे जवळच्या माणसाला असं आमंत्रण कोणी करतं का? घरी येतात, हळदकुंकू लावतात, अक्षता देतात. मला हे कोणी शिकवायला नको. पण शंका विचारली असती तर आमंत्रण परत गेलं असतं. म्हणून मी विचारू दिलं नाही. 'होय' उज्वलानं दाबलं नाही. तिचा हात थांबला होता. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि म्हटलं, "दाब गं, घरचं आहे."

उघडली नाही म्हणून दुसऱ्यांदा दाबायला लावलं. तिसऱ्यांदा मी एकटीनं. ती स्वयंपाकघरात होती.

त्याच संध्याकाळी मी दहीपुलावर जाऊन मोहिनीसाठी साडी आणली, डाळिंबी रंगाची. दुकानदाराला मी सांगितलं, भावाच्या नातीचं लग्न आहे, माहेरचं. त्यानं विचारलं, कुठे माहेर? मी सांगत बसले. मोसम नदीच्या कडेला मळा, वडाखाली विहीर. त्याच्या मागे गिऱ्हाईकं उभी होती. साडी आता कपाटात आहे. बारावीचा निकाल लागला की पोरीला देता येईल, साडीला काय कळतंय कशासाठी आणली ते.

उज्वलानं आत्ता पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आई, एवढं पुरे. बाकीचं तुम्ही भेटून बोला." मी म्हटलं, पेन उचल. भेटीत मी बोलणार नाही, मी चेष्टा करीन. मला माझं माहीत आहे.

चंदर त्या दिवशी फोनवर काय म्हणाला ते आता लिहिते. तो म्हणाला, "मावशी, मामा चोर निघाला."

बावीस हजार गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द येतात, मी त्याला दोष देत नाही. पण तो शब्द त्याचा नव्हता. तो माझा होता. अकरा वर्षांपूर्वी नदीवर, आईच्या दहाव्याला, मी तो सगळ्या भाऊबंदांपुढे टाकला होता आणि तिथूनच तो इतकी वर्षं लोकांच्या तोंडात फिरत राहिला. चंदर तेव्हा माझ्या शेजारी उभा होता.

तू कागद पुढे केलास आणि म्हणालास, आक्का, इथे अंगठा दे. मी म्हटलं, आधी वाचून दाखव. तू म्हणालास, माझ्यावर भरोसा नाही? दिवस कोणता, लोक किती, तुला लाज वाटली असेल. पण वाचून दाखव म्हटलं त्यात माझं चुकलं नाही, आजही म्हणेन. घरोघरी दहाव्या-बाराव्याला असेच कागद निघतात. बहिणी रडत असतात आणि रडता रडता हक्क सोडून मोकळ्या होतात. वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हे मला आपल्या आईनंच शिकवलं होतं, तिलाही अक्षर येत नव्हतं.

पण तू वाचेना, तेव्हा मी म्हटलं, "चोराला वाचायचं जड जातं."

तू कागदाची घडी केलीस आणि खिशात ठेवलीस. एवढंच. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी तुझ्याशी.

आता यापुढचं मी चार वर्षं गिळून बसलेय. उज्वलाला माहीत आहे, ललितलाही मी सांगू दिलं नाही.

चार वर्षांपूर्वी उज्वला कोण्या वकिलासाठी कंप्युटरवर सातबारा काढत होती. मी सहज म्हटलं, आमच्या नामपूरचा मळा दिसतो का गं यात? गट नंबर मला तोंडपाठ आहे, वडील पाणी मोजताना म्हणायचे. तिनं घातला. पान आलं. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. भिमाजी. आणि खाली, नवसाबाई. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. आईच्या दहाव्यानंतर दीड महिन्यानं नोंद झालेली.

तो हक्क सोडायचा कागद नव्हताच. वारसांची नावं लावायचा अर्ज होता. मी अंगठा दिला नाही, तरी तू तलाठ्याकडे खेटे घालून माझं नाव लावलंस. चोर म्हणवून घेतल्यावर लावलंस.

त्या दिवशी मी तुला पत्र लिहवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीही हवं होतं. मी म्हटलं, बघू. आधी वाटलं, काय तोंडानं सांगू. मग वाटलं, इतके दिवस गेले, आता काय सांगू. असे चार वर्षं दिवस गेले. तूही काही कमी नाहीस. "आक्का, वारसाचा अर्ज शे", एवढं नदीवर म्हणाला असतास तर काय जीभ झिजली असती? पण तू वडिलांवर गेलास. त्यांनाही कोणी संशय घेतला की ते खुलासा करत नसत, काम करून दाखवत. आणि मी आईवर गेले, बोलून मोकळी. दोघं मेली आणि भांडण आपल्यात ठेवून गेली.

चंदरला मी त्या दिवशी सांगितलं, "चोर त्याच्या नावानं आला. तो चोर नाही." मग आपल्या सगळ्या नातलगांना फोन लावला. सतरा घरं झाली. उज्वला नंबर लावून देत होती, मी बोलत होते. पत्रिका उघडू नका, उघडली असेल तर असं असं करा, आणि भिमाजीला नावं ठेवू नका. आठव्या की नवव्या घरी मला जाणवलं की मी चंदरच्या शब्दाचं निस्तरत नाहीये, माझ्याच शब्दाचं निस्तरतेय. चंदरनंही परवा फोन केला होता. त्याचे बावीसातले चौदा हजार बँकेनं अडवले, मिळतील म्हणतात. मामाला सॉरी सांगा म्हणाला. मी म्हटलं, रांगेत उभा राहा, माझा नंबर तुझ्या आधी आहे.

आता काय ठरवलंय ते सांगते.

पत्रात शब्द मागे घेणं सोपं आहे, बंद पाकिटात कोणाला दिसतं? मी तो शब्द लोकांत टाकला होता, लोकांतूनच उचलला पाहिजे. बुधवारी, तीस तारखेला अक्षय्य तृतीया, आपली आखाजी आहे. मी आदल्या दिवशी, मंगळवारी, सकाळच्या पहिल्या एसटीनं सटाण्याला उतरेन, तिथून नामपूर. तू मला माहेरी न्यायला मुराळी पाठवशील म्हणून वाट बघणार नाही, अकरा वर्षांत नाही पाठवलास. माझी मीच माझी मुराळी. घरी येणार नाही. सरळ मार्केटात येईन, लिलाव चालू असताना. त्या दिवशी नदीवर होती त्यातली निम्मी माणसं गेली असतील, पण निम्मी तिथेच कांद्याच्या ढिगांमधून फिरत असतात. तुझ्या काट्यापाशी उभी राहीन आणि मोठ्यानं सांगेन, माझा आवाज अजून शाबूत आहे. भाव बोलणारा दोन मिनिटं गप्प बसला तर कांदा काही सडत नाही.

तुला लाज वाटेल. वाटू दे, तेवढी वाटलीच पाहिजे, मलाही वाटणार आहे. उज्वला सोबत येतेय, पण बोलणार मीच.

बोलून झालं की मी तिथेच बाकावर बसेन. घरी नेलंस तर आखाजी माहेरी. नाही नेलंस तर संध्याकाळच्या गाडीनं परत, आणि माझी काही तक्रार नाही. हे तू ठरव. तुला आठ दिवस आहेत. मी चार वर्षं घेतली.

मोहिनीला जवळ घेऊन सांग, तिचं लग्न तिनं शिकून झाल्यावर करायचं. घाई नाही.

तुला लोकांत चोर म्हणणारी,
आणि तरी सातबाऱ्यावर तुझ्या नावाखाली असलेली,

तुझी आक्का
नवसाबाई